बाळंतविडा : आजीचा, सरकारचा आणि जामखेडचा

नगरकडं पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत अजून बऱ्यापैकी टिकून आहे. त्यामुळे बाळ घरी येतं ते दोनदा. एकदा दवाखान्यातून आजोळी, आणि मग सव्वा महिन्यानं म्हणा, तीन महिन्यांनी म्हणा, आजोळाहून वडिलांच्या घरी. दुसऱ्या खेपेला जीपभर सामान असतं : पाळणा, गादी, चांदीचे वाळे, मामानं हौसेनं घेतलेली खेळणी. पहिल्या खेपेला मात्र घरात दोन पक्ष पडलेले असतात. आजी म्हणते, बाळ हातात येईपर्यंत नवं काही आणायचं नाही. मावशी मोबाइलवर पन्नास वस्तूंची यादी उघडून बसलेली असते आणि त्यातल्या निम्म्या वस्तूंची मागणी तिनं आधीच नोंदवलेली असते.

महिन्याभराच्या आत दगावणाऱ्या बाळांपैकी साधारण तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच दगावतात. म्हणजे सामानाचा विचार करायचा तो या पहिल्या खेपेसाठी. आपल्यापुढं तीन याद्या आहेत. एक आजीची, एक सरकारची, आणि एक याच जिल्ह्यातल्या जामखेडची, जी कुणी यादी म्हणून लिहिलीच नव्हती.

आजीची यादी आधी घेऊ, कारण ती सगळ्यांत जुनी आणि निम्मीअधिक शहाणी आहे. जुन्या धोतराची किंवा सुती लुगड्याची फाडून केलेली बाळुती, दुपटी, झबली, टोपडी, कुंची, लाळेरी. चिंध्या जोडून हातानं टाके घातलेली मऊ गोधडी. डोक्याला आकार यावा म्हणून मोहरीची उशी. अंगाला लावायला तेल. गुटीचा बटवा आणि ती उगाळायला सहाण. शेकाला शेगडी, धुरीला ओवा आणि बाळंतशेपा. काजळाची डबी. आणि पाचवीला सटवाईनं नशीब लिहावं म्हणून कोरा कागद आणि पेन.

यातल्या कापडाला तोड नाही. शंभरदा धुतलेलं सुती कापड नव्या कापडापेक्षा पाणी लवकर शोषतं, त्यात खळ नसते, रंग सुटत नाही, शिवणीचा काच नसतो. 'नवं आणायचं नाही' या समजुतीमागं अपशकुनाची भीती असली, तरी तिच्यामुळे बाळाच्या अंगाला पहिलं कापड मऊ लागतं हे खरं. मात्र हे कापड फडताळातून काढून तसंच वापरायचं नाही. ते साबणानं धुवायचं, कडक उन्हात वाळवायचं आणि स्वच्छ पिशवीत बांधून ठेवायचं.

बाळुती किती लागतात? चौथ्या-पाचव्या दिवसानंतर पोटभर दूध मिळणारं बाळ चोवीस तासांत निदान सहा वेळा लघवी करतं. शीचे कपडे वेगळे. दिवसातून एकदा धुणं होत असेल तर वीस-पंचवीस बाळुत्यांखाली भागत नाही. मे महिन्यात जामखेडला दोरीवर टाकलेलं बाळुतं तासाभरात खडखडीत होतं. पण जिल्हा तोच असला, तरी अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीला आषाढ-श्रावणात सूर्यच दिसत नाही. तिथं पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात, आणि कापड चुलीवरच्या दोरीला धूर खात दोन-दोन दिवस ओलं राहतं. तिथल्या घराला दुप्पट बाळुती हवीत, किंवा रात्रीपुरते तयार डायपर. चौदा तालुक्यांचा, राज्यात क्षेत्रफळानं सगळ्यांत मोठा असा हा जिल्हा एका यादीत बसत नाही.

आता आजीच्या यादीतलं जे काढून टाकायचं, ते स्पष्टच सांगतो. गुटी नको, मध तर मुळीच नको. मधात बोटुलिझम नावाच्या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात, म्हणून चाटण्यापुरताही मध द्यायचा नाही. गुटीतल्या हिरड्या-मुरुडशेंगेचं काय व्हायचं ते होवो, पण सहाणेवरचं पाणी आणि उगाळणारं बोट किती स्वच्छ असतं ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. काजळ डोळ्यांत नको : बोटानं जंतू जातात आणि बाजारच्या काही काजळांत शिसं सापडलेलं आहे. दृष्टीची भीती वाटत असेल तर तळपायाला तीट लावावी, सटवाईची काही हरकत नसावी. मोहरीच्या उशीऐवजी सपाट अंथरूण आणि उताणं निजवणं बरं. उशी नाकाशी आली तर ती बाजूला करण्याइतकी ताकद बाळाच्या मानेत नसते. आणि दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवणं हा तर बाळ-बाळंतिणीच्या जिवाशी खेळ आहे. त्या धुरात वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड असतो. उजेडासाठी आणि उबेसाठी आजीला शेगडी लागायची, कारण बाळंतिणीची खोली मुद्दाम अंधारी ठेवलेली असायची. खिडकीतून कोवळं ऊन येऊ दिलं की निम्मं काम होतं.

सरकारची यादी अलीकडची आहे. महाराष्ट्राच्या महिला व बालविकास विभागानं २०१९ मध्ये 'बेबी केअर किट' योजना आणली. सरकारी दवाखान्यात किंवा आरोग्य केंद्रात नाव नोंदवून तिथंच पहिलं बाळंतपण झालं, की साधारण दोन हजार रुपये किमतीची पिशवी मोफत मिळायची. पिशवीसकट वस्तू सतरा : बाळाचे कपडे, प्लास्टिकचा लंगोट, छोटी गादी, टॉवेल, तापमापक, अंगाला लावायचं तेल, मच्छरदाणी, गरम ब्लँकेट, शाम्पू, खुळखुळा, नेलकटर, हातमोजे, पायमोजे, हात धुवायचा द्रव, अंग धुवायचा द्रव, आणि आईसाठी लोकरीचं वस्त्र.

ही कल्पना जगात नवी नाही. फिनलंडमध्ये १९३८ साली गरीब मातांना सरकारनं असाच खोका द्यायला सुरुवात केली आणि १९४९ पासून तो सगळ्याच मातांना मिळू लागला. आत कपडे, अंथरूण आणि तळाला गादी. सामान काढलं की खोकाच बाळाचा पहिला बिछाना. पण खोका हातात पडण्याआधी एक अट असते, गरोदरपणाचा चौथा महिना संपण्याच्या आत आरोग्य केंद्रात तपासणी झालेली हवी. खोक्याच्या निमित्तानं बाई वेळेवर तपासणीला येते. आपल्याकडच्या पिशवीलाही नाव-नोंदणीची आणि दवाखान्यात बाळंत होण्याची अट होती, आणि माझ्या मते पिशवीतल्या शाम्पूपेक्षा तीच जास्त मोलाची होती.

शाम्पूचं सोडा. नवजात बाळाच्या डोक्यावर चार केस, त्याला शाम्पू कशाला? प्लास्टिकचा लंगोट नगरच्या उन्हाळ्यात बाळाच्या मांड्या लाल करायला पुरेसा आहे. खुळखुळ्याकडं बाळ पहिले काही आठवडे ढुंकूनही बघत नाही. पण या पिशवीतल्या चार वस्तू मी डोळे झाकून निवडीन : टोपडं-पायमोजे, ब्लँकेट, मच्छरदाणी आणि तापमापक. आणि यादीत जी वस्तू नाही, तिच्यासाठी अधिकाऱ्यांना शाबासकी द्यायला हवी. दुधाची बाटली पिशवीत नव्हती. १९९२ च्या कायद्यानं आपल्याकडं दुधाच्या भुकटीची आणि बाटल्यांची जाहिरात करायला, मातांना त्या भेट म्हणून द्यायला बंदी आहे.

तापमापक आणि टोपडं एवढं वर का, हे समजायला बाळाचं शरीर थोडं पाहावं लागेल. नऊ महिने ते सदतीस अंश सेल्सिअसच्या उबेत पाण्यात होतं. बाहेर येतं ते ओलं. वजनाच्या मानानं त्याच्या कातडीचा पसारा आपल्यापेक्षा कितीतरी मोठा असतो, त्यातही डोकंच लांबीच्या चौथ्या भागाएवढं. आपल्याला थंडी वाजली की आपण कुडकुडतो आणि त्यातून उष्णता तयार होते. नवजात बाळाला कुडकुडता येत नाही. मानेजवळ आणि पाठीत साठवलेली थोडी तपकिरी चरबी जाळून ते ऊब राखतं, आणि ती संपली की गार पडत जातं. गार पडलेलं बाळ ओढून दूध पीत नाही, दूध नाही म्हणून साखर उतरते, आणि मग ते आणखी गार पडतं. हे चक्र मुकाट्यानं फिरतं, बाळ रडूनसुद्धा सांगत नाही. घरच्यांना वाटतं, गुणाचं आहे, शांत झोपतं.

नगरचा हिवाळा तर बदनाम. डिसेंबर-जानेवारीत निफाड-नाशिकच्या जोडीला नगरचा पारा दहाच्या खाली गेल्याची बातमी दर वर्षी येते. पत्र्याच्या घरात पहाटे पाणी ओतावं तशी थंडी उतरते. म्हणून पहिली आंघोळ निदान चोवीस तास लांबवायची, आणि बाळ अडीच किलोच्या आत असेल तर वजन वाढेपर्यंत अंग पुसून भागवायचं. दाईनं पाटावर पाय लांब करून, तेल चोळून, तांब्या-तांब्यानं घातलेलं ते कढत न्हाण दुसऱ्या महिन्यापर्यंत थांबू शकतं. त्यानं काही बिघडत नाही.

बाळ गार आहे का, हे यंत्राविना बघायची एक रीत आशाताईंना शिकवलेली असते. ती अशी. आपला हात आधी कोरडा आणि कोमट करून घ्यायचा. मग हाताची मागची बाजू बाळाच्या पोटाला लावायची, आणि लगेच तळपायाला. दोन्ही कोमट, तळपाय गुलाबी : बाळ ठीक. पोट कोमट पण तळपाय गार : बाळाला थंडी वाजते आहे, टोपडं घाला, पायमोजे घाला, आईच्या छातीशी द्या. पोटही गार : वेळ घालवू नका, छातीशी धरूनच दवाखाना गाठा. तापमापक बगलेत लावायचा तो हात अंगाशी धरून, तो वाजेपर्यंत. ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट या पट्ट्यात आकडा असला की झालं.

छातीशी धरणं हा नुसता जिव्हाळ्याचा सल्ला नाही. १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात एडगर रे नावाच्या डॉक्टरांकडं कमी वजनाची बाळं जास्त आणि काचेच्या पेट्या कमी अशी अवस्था होती. त्यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीवर कापडानं बांधून ठेवायला सुरुवात केली. त्यालाच आज 'कांगारू मदर केअर' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना कमी वजनाच्या बाळांसाठी जन्मापासून हीच पद्धत सांगते. आपल्याकडं त्याला सामान काय लागतं? एक टोपडं, एक लंगोट, आणि आईचं जुनं सुती लुगडं, पोटाभोवती दोन वेढे बसतील एवढं. आई दमली तर वडिलांच्या छातीवरही चालतं. नगरच्या एखाद्या वाड्यावर सदरा काढून, बाळ छातीला बांधून बसलेला बाप अजून विरळा दिसतो, पण दिसू लागला आहे.

आता तिसरी यादी. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानं १९७० मध्ये जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्या वेळी त्या दुष्काळी पट्ट्यात जन्मलेल्या दर हजार बाळांमागं १७६ बाळं पहिल्या वाढदिवसाआधी जात होती. डॉक्टर गावात येत नव्हते, नर्स टिकत नव्हत्या. तेव्हा आरोळ्यांनी गावातल्याच बाया निवडल्या, पुष्कळशा निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या, काही टाकलेल्या. त्या आठवड्याला जामखेडला येत, शिकत आणि गावी जाऊन शिकलेलं करत. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण जगभरचे लोक जामखेडला बघायला येत राहिले ते या बायांचं काम.

त्यांच्या हातात काय होतं? बाळंतपणासाठी निर्जंतुक केलेलं एक साधं पुडकं. साबण, नवं पातं, नाळ बांधायला दोरा, स्वच्छ कापड. त्याआधी नाळ कापायला हाताला येईल ते वापरत, विळासुद्धा, आणि वर राख किंवा शेणाचं काहीबाही लावलं जाई. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात. सात-आठ दिवसांचं बाळ दूध ओढेनासं व्हायचं, जबडा मिटायचा, अंग धनुष्यासारखं ताठ व्हायचं, आणि लोक त्याला बाहेरची बाधा म्हणायचे. पुडक्यातलं दोन दमड्यांचं पातं आणि आईला गरोदरपणी दिलेली धनुर्वाताची लस या दोन गोष्टींनी ती बाधा उतरवली. १९९० च्या दशकात त्या गावांतला बालमृत्यूचा आकडा वीसच्या घरात आला. देशातून माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचं जाहीर झालं ते २०१५ मध्ये.

आज बाळंतपणं दवाखान्यात होतात, नाळ तिथंच चिमट्यानं बंद होते. घरी आल्यावर नाळेला लावायचं औषध म्हणजे : काहीही नाही. तेल नाही, हळद नाही, पावडर नाही. लंगोट नाळेच्या खाली बांधायचा, ती उघडी आणि कोरडी ठेवायची. आठवडा-दोन आठवड्यांत ती आपोआप गळून पडते. तिच्याभोवती लाली पसरली किंवा पू दिसला तर मात्र दवाखाना.

जामखेडच्या पुडक्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ते घेऊन येणारी बाई. ती पुन्हा पुन्हा घरी यायची, अंगणात बसायची, सासूशी बोलायची, बाळाकडं बघायची. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हीच गोष्ट मोजून दाखवली. ३९ गावांत 'आरोग्यदूत' बायकांना वजनकाटा, तापमापक, बाळासाठी उबदार पिशवी, श्वास देण्याचं साधन आणि जंतुसंसर्गावरची औषधं देऊन घरोघरी पाठवलं. तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला, आणि २०११ पासून देशभरच्या आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाऊ लागल्या. घरातल्या कॅलेंडरवर या सहा तारखांना पेनानं गोल करून ठेवावा. तारीख उलटून गेली आणि ताई आली नाही तर फोन करायचा. आपल्याच हक्काची गोष्ट आहे, त्यात संकोच कसला?

दुधाबद्दल थोडक्यात, कारण त्याला सामानच लागत नाही. जन्मानंतर तासाभरात छातीला लावायचं, पहिलं पिवळसर चीक दूध पिळून फेकायचं नाही, सहा महिने वरचं पाणीसुद्धा नाही. बाळाचं वजन पहिल्या काही दिवसांत थोडं उतरतं आणि दोन आठवड्यांत भरून निघतं, तेवढ्यावरून 'दूध पुरत नाही' असा निकाल लावून भुकटीचा डबा आणायला पळू नये. चीक ओढता न येणाऱ्या बाळाला आईचंच दूध काढून वाटी-चमच्यानं पाजता येतं. वाटी उकळता येते, बाटलीचे कोपरे घासणं अवघड.

सगळीच बाळं मात्र आईच्या कुशीतून घरी येत नाहीत. नगरच्या स्नेहालय संस्थेचं स्नेहांकुर हे दत्तक केंद्र आहे. अशा केंद्रातून बाळ घरी आणणाऱ्यांना डबा लागणारच, आणि त्यांनी त्याबद्दल कुणाकडून ऐकून घ्यायचं कारण नाही. त्यांच्या यादीत भुकटी मोजायचा तिचाच चमचा, उकळून गार केलेलं पाणी आणि झाकणाचं पातेलं हे तिन्ही आवश्यक. भुकटी पुरवून पातळ करणं ही सगळ्यांत धोक्याची काटकसर.

वाटेचं सामानही लक्षात ठेवावं. परदेशी याद्यांत पहिली वस्तू असते मोटारीत बसवायची बाळाची खुर्ची. आपल्याकडं दोन दिवसांचं बाळ अजूनही मोटारसायकलवर, आईच्या पदराखाली, समोरून वारा आणि मुरमाची धूळ खात गावी येतं. याची गरज नाही. १ जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातून घरी सोडणं मोफत आहे, १०२ क्रमांकाच्या गाडीनं. बाळंतपण सरळ झालं तरी ४८ तास दवाखान्यात राहायचं आणि निघण्याआधी बीसीजी, पोलिओचा पहिला डोस, कावीळ-बी आणि व्हिटॅमिन के झालं का ते कार्डावर बघून घ्यायचं.

हे माता-बाल संरक्षण कार्ड म्हणजे बाळंतविड्यातली सर्वांत हलकी वस्तू. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या ऊसतोड कुटुंबांना तर ती कोयत्याइतकीच लागते. दिवाळी झाली की टोळ्या कारखान्यांकडं निघतात आणि उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहीत. ऐन थंडीत जन्मलेल्या बाळाचं घर म्हणजे फडाजवळची पाचटाची कोपी, आणि पाळणा म्हणजे बाभळीच्या फांदीला किंवा गाडीच्या जुवाला बांधलेली लुगड्याची झोळी. पहाटे आई फडात जाते तेव्हा बाळ सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या ताब्यात असतं. या घरासाठी यादी अगदी तोकडी करावी लागते : टोपडं, दोन ब्लँकेटं, मच्छरदाणी, साबण, झाकणाची वाटी. पाचटाला आग लवकर लागते, म्हणून रात्री कोपीत दिवा किंवा शेकोटी ठेवायची नाही. आणि कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत. ते जवळ असलं की कारखान्याच्या गावातल्या उपकेंद्रातही दीड महिन्याची लस मिळते, त्यासाठी पाथर्डीला परतावं लागत नाही.

दुसरा कागद जन्माच्या नोंदीचा. नोंद २१ दिवसांच्या आत, दवाखान्यात जन्म झाला तर दवाखानाच कळवतो. बारसं व्हायचं असेल तरी नोंद थांबवू नये, नाव नंतर घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेच्या प्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला दाखवावा लागतो. तो हातात आला की आई-वडिलांच्या नावांची स्पेलिंगं आधारकार्डाशी ताडून पाहावीत आणि चूक असेल तर त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत दुरुस्तीचा अर्ज द्यावा.